सेलेटारच्या पाटीवरचा हात

बसमधून उतरलं की पाकचिक थांब्याच्या 'सेलेटार' लिहिलेल्या पाटीवर तळहाताने दोनदा थोपटायचे आणि म्हणायचे, "स्टिल गॉट." म्हणजे, अजून आहे. पाटी कुठे पळून जाणार होती? मला आधी वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं जरा फिरलेलं दिसतंय.

पाकचिक म्हणजे मलायमध्ये काका. सिंगापूरच्या सेलेटार भागात विमानदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये ते स्टोअरमधल्या सामानाची ने-आण करायचे आणि मी कामाचं नियोजन बघायचे. दोन हजार दहानंतरची ती वर्षं. आम्ही दोघंही एकाच बसने यायचो.

तुम्ही कधी गेलात तर बघा, सेलेटारमध्ये इंग्रजांचे जुने बंगले आहेत आणि गल्ल्यांना लंडनमधली नावं आहेत. 'सेलेटार' हे नाव मात्र इंग्रजांच्या आधीचं, पाकचिकांच्या लोकांचं. इथल्या खाडीत होडीवरच संसार करणारे लोक. आता त्या नावाचा विमानतळ आहे, रस्ता आहे. माणसं पांगली. पाकचिकांनी इथल्या गावातली मुलगी केली म्हणून ते राहिले. थोरली बहीण वडिलांबरोबर समोरच्या काठावर, आता मलेशियात असलेल्या जोहोरला गेली. तेव्हा वल्हवत अर्ध्या तासात जाता यायचं. पुढे मधल्या पाण्यातून दोन देशांची सीमा गेली.

ही बहीण आजारी पडली. जिथे जन्मले ते नदीचं मुख एकदा बघायचं, एवढंच तिचं मागणं होतं. पाकचिक तिकडे जात, पण तिला यायला पासपोर्ट हवा आणि तिच्याकडे जन्माचा कागदच नव्हता. तिच्याकडे गेले होते तेव्हा ते तिथल्या ऑफिसातून उशिराच्या जन्मनोंदणीचा फॉर्म घेऊन आले आणि तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

आता फॉर्म म्हणजे माझा प्रांत! आमच्या मराठी मंडळींपैकी निम्म्यांचे पीआरचे, म्हणजे कायम वास्तव्याचे, अर्ज मीच भरलेले. खाडाखोड मला खपत नाही.

जन्मस्थळाच्या रकान्याशी मी विचारलं. ते म्हणाले, होडीत, इथल्या नदीच्या तोंडाशी. मग जरा घुटमळले. नात्यातले सगळे तिकडच्या वस्तीचंच नाव लिहितात, म्हणाले. मी त्यांना दटावलं. खरं तेच लिहायचं, पुढे भानगड नको. आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं: सेलेटार, सिंगापूर.

चार महिन्यांनी फॉर्म परत आला. सिंगापूरचा जन्मदाखला जोडा. होडीत जन्मलेल्या बाईला दाखला कोण देणार? मी घाईघाईने दुसरा फॉर्म भरला, वस्तीचं नाव घालून. तेव्हा दोन फॉर्मवर दोन जन्मस्थळं कशी, याची चौकशी सुरू झाली. ती चालू असतानाच बहीण गेली.

पाकचिक चार दिवसांनी कामावर आले. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "माझ्यामुळे झालं." परत आलेला पहिला फॉर्म आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. मी ड्रॉवरमधून काढून दिला. त्यांना वाचता येत नसे, पण त्या एका शब्दावर त्यांचं बोट बरोबर थांबलं. पाटीवरची अक्षरं त्यांना पाठ होती.

"मिस, ती इथली आहे असं आजवर कोणी लिहिलं नव्हतं," ते म्हणाले. "तू लिहिलंस."

तेवढ्याने माझं मन हलकं झालं नाही, आजही होत नाही. तिला वस्तीचं नाव लावून दिलं असतं तर कदाचित ती येऊन गेली असती.

त्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली. बहिणीच्या मुलांकडे, समोरच्या काठावर राहायला जाणार होते. शेवटच्या संध्याकाळी थांब्यावर आम्ही दोघंच होतो. बस आली. पाटीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. फॉर्मची घडी शर्टाच्या खिशात होती, त्या खिशावर दोनदा थोपटलं.

"स्टिल गॉट," म्हणाले आणि बसमध्ये चढले.