काळ्या बटाट्याचं माहेर

कुस्को शहरापलीकडच्या डोंगरगावातल्या निकासियाचा कुणावर विश्वास म्हणून नव्हता. नवऱ्याने मेंढ्या कोंडल्या की ही मागून जाऊन दाराची आगळ चाचपायची. तो वारल्यावर शेजारी, व्यापारी, पाद्री, सगळेच तिच्या संशयी नजरेखाली आले. पण खरी अढी होती ती धाकट्या जावेबद्दल, दोमिंगाबद्दल.

कारण होतं एक बटाटा. काळा, गाठीगाठींचा, कापला की आत तांबडं कडं. निकासियाने तो लग्नात माहेरहून शालीत बांधून आणला होता. त्या डोंगरावर तसला दुसरा नाही, अशी तिची खात्री. आणि एका वर्षी बियाण्याच्या जत्रेत दोमिंगापुढे तसलेच बटाटे मांडलेले!

"कुठून उचललेस गं?"

"उचलायचे कशाला, जाऊबाई? माझ्या आईचे आहेत. मी वरच्या वावरात लावत होते."

"तुझ्या आईकडे मक्याशिवाय काही उगवलंय का कधी?"

लोक हसले. दोमिंगाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून एकमेकींच्या पेरणी-काढणीला जाणं बंद.

पुढे कुस्कोच्या प्रयोगशाळेतली रोसाउरा बटाट्याची पानं मागत गावात आली. मुलगी डोंगरातलीच केचुआ भाषा बोलणारी, तरी निकासियाने तिला उंबऱ्याबाहेरच बसवलं.

"आज पान नेशील, उद्या माझाच बटाटा मला विकशील."

"बियाणं नको, बाई. पानात हिरवे कण असतात. बटाट्यात त्यांचा वारसा आईकडूनच येतो, बापाचा त्यात हात नसतो. तो तपासला की बटाट्याचं माहेर कळतं."

निकासिया सावरून बसली. "मग दोमिंगाचंही पान ने. चोरी उघडी पडेल."

"चोरी नाही कळायची. आई एकच निघाली, तरी कुणी चोरलं असं होत नाही. वेगळी निघाली, तर मात्र बटाटे वेगळे, हे पक्कं."

पानांच्या पिशवीला निकासियाने स्वतःच्या हाताने गाठ मारली.

काही महिन्यांनी रोसाउरा निकाल घेऊन आली. "आया वेगळ्या आहेत. दोमिंगाबाईंच्या बटाट्याची आई रानबटाट्याच्या कुळातली. कुंपणाच्या दगडांत उगवतो, थंडीला दाद देत नाही ना, त्याच्या."

"दोमिंगाने जेवू घातलं ना तुला?"

"नुसतं सूप घेतलं."

"तेच म्हणते मी!"

पुढच्या हंगामात, ऐन फुलोऱ्यात, एका रात्री कडाक्याच्या थंडीने दव गोठलं. सकाळी निकासियाची रोपं काळीठिक्कर. दोमिंगाचं काय झालं ते बघायला ती वर चढली. तिथे झाडं हिरवीगार उभी. तिने एक पान चुरून पाहिलं. हिने काही जादूटोणा केला असेल, हा पहिला विचार. पण मग वाटलं, हा माझाच बटाटा असता, तर माझ्या रोपांबरोबर मेला असता.

काढणीच्या दिवशी ती न बोलावता कुदळ घेऊन दोमिंगाच्या वावरात उभी राहिली.

"वाट चुकलात का, जाऊबाई?"

"हात लावू का जाऊ परत?"

"खोदा."

दिवसभर दोघी खोदत राहिल्या. निघताना दोमिंगाने तिच्या शालीत काळे बटाटे ओतले. निकासियाने तिथेच एक कापून उजेडात धरला.

"किडका नाही ना?"

"नाही हो!" दोमिंगा हसत सुटली.

स्वतःच्या करपलेल्या रोपांखालून निकासियाच्या हाती लागल्या होत्या बोराएवढ्या मूठभर गोट्या. पेरणीला तिने त्या एका ओळीत लावल्या, जावेचे बटाटे दुसऱ्या ओळीत, आणि मध्ये दगड रचले. मदतीला आलेल्या दोमिंगाला मात्र तिने कुठल्याच ओळीला हात लावू दिला नाही.