मातीची पहिली मूठ

बाबा गेले तेव्हा वडीगोद्रीहून काका आले. बाबांना आम्ही दोघी लेकीच. पेटी कबरीत उतरली, तसं काकांनी आपल्या पोराला पुढं केलं. "पहिली मूठ लेकाचीच पाहिजे. बराबर हाय का न्हाई?" आमच्या मंडळीतल्या चौघांनी लगेच माना डोलवल्या. आजोबांच्या काळात आम्ही ख्रिस्ती झालो, पण हा गावचा रिवाज काही सुटला नव्हता.

माझं डोकंच फिरलं. दर रविवारी बाबा मला शेजारी बसवून शास्त्र वाचायला लावायचे. विश्वास ठेवणारे सगळे देवाचे पुत्र, असं वाचताना मी एकदा अडले होते, "पण मी तर मुलगी!" बाबा म्हणाले होते, "पुत्र म्हंजे बापाचा वारस. त्यात तू बी आलीस."

तेच मी कबरीपाशी सगळ्यांना ऐकवलं. "देवाला मी वारस चालते, मंग तुम्हाला काऊन न्हाई?"

 काकांनी पोराच्या हातातली माती माझ्या ओंजळीत ओतली. पहिली मूठ मी दिली, ताठ मानेनं.

दुसरी धाकटीनं दिली. तिनं कोणालाच विचारलं नाही.