मावसाजींचा बिननेटचा कॉम्प्युटर

साऱ्या वाशिम जिल्ह्यात इंटरनेटला दारातून परत पाठवणारा एकच बहाद्दर उरला आहे, आणि ते म्हणजे मेडशीचे माझे मावसाजी. हसा खुशाल! वायरवाला आला की त्याला चहा पाजतात, त्याच्या लेकराबाळांची चौकशी करतात, जाताना पिशवीत वांगी घालतात आणि वायर तेवढी घेत नाहीत. हवामान बघायचं तर अंगणात उभे राहतात. अंदाज चुकलाच तर चूक आभाळाची.

कॉम्प्युटर मात्र घरात आहे. मावशीने मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकून तो घेतला होता. रोज दुपारी ती त्यावर पत्ते खेळायची आणि हरली की मागे उभ्या मावसाजींवर उखडायची, "तुमी पाहून राह्यले म्हणून हरली मी!" मावशी गेली आणि पुढे कॉम्प्युटरही धापा टाकायला लागला. पुण्याच्या चिरंजीवांनी फोनवर फर्मान काढलं, "बाबा, ते भंगार आहे. दिवाळीला आलो की विकून टाकतो." मावसाजी कडाडले, "तुह्या मायनं घेतला हाये तो! आधी मले वीक!"

मी सांगितलं, ऑपरेटिंग सिस्टीम नवी टाकली तर वाचेल, पण त्याला नेट लागतं. मावसाजींनी मला वेड्यात काढलं. "घरी विरजण नसलं तं शेजारून वाटीत आणतो ना आपण? दह्यासाठी डेअरीचा पाइप घरात घेते काय कोनी?" जवळच्याच मालेगावला मित्राच्या दुकानात सगळी सिस्टीम पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. परतताना मावसाजी पेनड्राइव्हच्या खिशावर हात दाबून गाडीवर माझ्यामागे बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला ओरडत होते, "हळू ना बाप्पा, सांडन!"

घरी येऊन पेनड्राइव्ह लावायला गेलो, तर तो आत शिरेना. दिवाळी तर तोंडावर आलेली. टॉर्च मारून पाहिलं तर समोरच्या खाचा लालभडक! दसऱ्याला कुदळ आणि फवारणीच्या पंपाबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा व्हायची. मावशीचा हात सढळ. ओलं कुंकू दरवर्षी तिने त्या खाचांमध्येच दाबून भरलं होतं, वर अक्षता. मी टाचणी घेतली तसा मावसाजींनी माझा हात धरला.

"खबरदार! तिचं बोट लागलं हाये तिथं."

"मग हा खुपसू कुठं?"

"मांगून पाह्य. त्याले मांगलं दार असनच."

होतं! काम सुरू झालं. स्क्रीनवर प्रश्न आला: अपडेटसाठी इंटरनेट जोडायचं, की आत्ता नको? मावसाजींनी चष्मा चढवला. "‘कधीच नको’ कुठं हाये?"

"तसं बटण नाही, मावसाजी."

"मंग कायची शानी म्हनता ह्या मशीनले!" म्हणत त्यांनी ‘आत्ता नको’ असं दाबलं की टेबल हाललं. मग लाइट जाऊ नये म्हणून जेवणावर पाणी सोडून बल्बकडे डोळे वटारत बसले. लाइटची काय बिशाद होती जायची!

कॉम्प्युटर झकास सुरू झाला. दिवाळीत चिरंजीव आले, त्यांनी तो चालवून पाहिला, आईच्या कुंकवावरून बोट फिरवलं आणि भंगाराचं नाव काढलं नाही.

फक्त मावशीचा पत्त्यांचा खेळ नव्या सिस्टीममध्ये नव्हता. "नेट घेतलं तर मिनिटात येईल," मी चाचरत म्हणालो. मावसाजींनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा कॉम्प्युटरकडे. मग म्हणाले, "नको. पत्ते दुकानात भेटते."

आता रोज दुपारी ते कॉम्प्युटर चालू करतात आणि त्याच्यासमोर टेबलावर पत्ते मांडतात. डाव फसला की स्क्रीनकडे बघून उखडतात, "तू पाहून राह्यली म्हणून हरलो मी!"