सुशीलाबाईचं हिरवं लुगडं

बीदरकडच्या मेहकर गावातल्या नागूबाईचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून रान आणि घर, याखेरीज तिचं पाऊल कुठं पडलं नव्हतं. सत्त्याऐंशी साली लेकानं, श्रीमंतनं, भालकीहून टीव्ही आणला, आणि इतवारी दुपारी लागणाऱ्या एका मालिकेत तिचा जीव गुंतला. डोंगरातलं एक खेडं, तिथं छत्री घेऊन फिरणारा म्हातारा पोस्टमास्तर. कुणाची बकरी हरवायची, कुणाची घंटा चोरीला जायची. म्हातारा घरोघर चहा पीत, चार गोष्टी विचारत चोर हुडकायचा. खून नाही, मारामारी नाही. शेवटी चोरालाही पंगतीत बसवायचे.

"आई, चोर वळखलीस का?" श्रीमंत विचारायचा.

"चोर कोन बगायलंय? मी त्या गल्ल्या बगायले."

सोमवारी तुरीत खुरपताना तिथलं धुकं डोळ्यांपुढून हटायचं नाही. आपणही त्या उतारावरून चाललोय, कुणीतरी दारातून हाक मारतंय, असं वाटत राहायचं.

एके दिवशी शेजारच्या सुशीलाबाईचं विहिरीजवळच्या दोरीवर वाळत घातलेलं हिरवं लुगडं गेलं. संशय आला गल्लीतल्या नव्या सुनेवर, महादेवीवर. सुशीलाबाई भांडायला निघाली तशी नागूबाई म्हणाली, "थांब जरा. मी इचारून येते." असं का म्हणाली, तिचं तिलाच कळलं नाही.

कोवळं ऊन होतं. महादेवीकडं चहा झाला, गुरुपादय्याकडं झाला. "ये अक्का, बस," म्हणत जो तो घोंगडी अंथरायचा. कुणाला नातू झालेला, कुणाची भिंत पडलेली; तिला काहीच ठाऊक नव्हतं. लुगडं तर ती मधूनमधून विसरूनच जायची. झोपेत चालावं तशी हलक्या पावलांनी ती दारोदार फिरत होती.

मग चंद्रम्माचं घर आलं. चंद्रम्मा तिच्याच वयाची, एकटी राहणारी. तिनं अर्धा चहा कपाबाहेर ओतला. अंगावर हिरवं लुगडं होतं.

"नवं घेतलीस का गं हे?"

"न्हाई. जुनंच निळं हाय. लेकीनं दिलेलं."

विहिरीजवळच्या दोरीवर एक निळं लुगडं तीन दिवस तसंच लोंबत होतं, ते नागूबाईला आठवलं. तिनं चंद्रम्माचा हात धरला.

"कवापासनं दिसंना झालंय?"

चंद्रम्मानं पदराचं टोक डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. "पेरणीपासनं. सांगू कुनाला?"

नागूबाईनं सुशीलाबाईला बाजूला घेऊन सारं सांगितलं. सुशीलाबाई मान खाली घालून म्हणाली, "राहू दे तिच्याकडंच. आन् मी महादेवीच्या दारात जाऊन काय काय बोलणार होते."

पंधरा दिवसांनी बीदरला चंद्रम्माचा मोतीबिंदू काढला. सोबतीला नागूबाई आठ दिवस राहिली. मधे इतवार येऊन गेला, तो तिच्या ध्यानातही आला नाही. डोळ्यांना पट्टी बांधलेल्या चंद्रम्माला ती दवाखान्याच्या व्हरांड्यात घेऊन बसायची आणि कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या हातात काय होतं, ते सावकाश सांगत राहायची.