वाणाचे डबे परत

संक्रांतीच्या आधीचा मंगळवार. सकाळी साडेसहा, आमच्या गोठ्यासमोर.

हजर: मी. माझी धाकटी जाऊ. शेजारची आत्या, वय सत्तरच्या पुढं, गुडघे धरलेले, तरी आलेली. महिला मंडळातल्या आणखी आठ जणी. गाडी चालवायला माझे यजमान, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त.

गैरहजर: दोघी. एकीची म्हैस रात्री व्यालेली, तिला माफ. दुसरीला नवऱ्यानं सोडलं नाही. त्याचं नाव मी वेगळ्या पानावर लिहून ठेवलं.

सोबत: खताच्या चार रिकाम्या पोत्यांत भरलेले प्लास्टिकचे डबे. स्टीलच्या दोन किटल्या, त्यांत शेंगदाण्याची आमटी. आमटी गार झाली तर गरम करायला छोटी शेगडी.

ठिकाण: सांगली, बाजारातलं एक घाऊक भांड्यांचं दुकान. काम: सूड.

हा शब्द वहीत मी असाच लिहिला होता. ‘जाब विचारणे’ असं लिहून बघितलं, पण ते खोटं वाटलं, म्हणून खोडलं.

आमचं गाव कऱ्हाड आणि सांगलीच्या मधे, उसाच्या पट्ट्यात. मंडळाचं संक्रांतीचं हळदी-कुंकू आम्ही एकत्र करतो आणि वाणाची वस्तू मी ठरवते, कारण यादी माझ्याकडं असते. तीन वर्षांपूर्वी मी डबे ठरवले. पारदर्शक, निळ्या झाकणाचे, चारी बाजूंनी खटके, आडवा केला तरी थेंब गळायचा नाही. त्याआधीच्या वर्षी कुणीतरी साबणाच्या डब्या दिल्या होत्या, तेव्हा माझी निवड सगळ्यांना फार आवडली. दुकानदाराला मी विचारलं होतं, गरम चालेल का? तो म्हणाला, “बिनधास्त घाला, ताई. उकळतं घाला. काय होत न्हाई.” घरी येऊन मी ते वहीत लिहिलं. मी सगळंच लिहिते, डाळ किती वाजता भिजत घातली तेसुद्धा.

आमच्याकडं वाण टाकून देत नाहीत. कुंकवाचं बोट लावून वस्तू हातात आली की ती घरात वापरायची. शोभेची वस्तू असली तर माळ्यावर जाते, पण हा डबा कामाचा होता. गावातल्या घराघरांत तो रोज शाळेत जायला लागला.

माझा दीर फौजेत आहे, वर्षातले दहा महिने सरहद्दीकडं. जाऊ सकाळी सातच्या एसटीनं कऱ्हाडला जाते, कापडाच्या दुकानात कामाला. त्यांची एकुलती एक पोर माझ्या हाताखाली वाढली. माझी दोन्ही मुलं पुण्यात नोकरीला, त्यामुळं सकाळचा डबा भरायला मला तीच. मी एक पद्धत बसवली होती. आमटीला उकळी आली की पातेल्यातून सरळ डब्यात, लगेच झाकण, चार खटके. साडेअकराला पोर डबा उघडायची तेव्हा आमटी चांगली ऊन असायची. बाकीच्या पोरांचं गार, आमच्या पोरीचं ऊन, याचा मला तोरा होता. सहा महिन्यांत डबा धुरकट झाला. तारेच्या घासणीनं घासला तरी आमटीचा वास जायचा नाही, आणि झाकण काढलं की आमटीला डब्याचा वास यायचा. तो वास माझ्या नाकाला रोज येत होता. दोन वर्षांहून जास्त.

पोर साडेसात वर्षांची असताना एकदा न्हाऊ घालताना जावेच्या हाताला तिच्या छातीवर एका बाजूला गाठ लागली. आम्हाला वाटलं, खेळताना मार लागला. आठवडाभर हळदीचा लेप लावला. पंधरा दिवसांनी दुसऱ्या बाजूलाही तसंच. तोवर तिचे फ्रॉक भराभर आखूड होत होते आणि येणारी-जाणारी बाई म्हणायची, “लय उफाड्याची हाय पोरगी. बापाच्या वळणावर गेलीया.” आम्ही खूश व्हायचो. एकटी आत्या एक दिवस पायरीवर बसून तिच्याकडं टक लावून बघत राहिली आणि मला म्हणाली, “ही वाढ बरी न्हवं. दाखवून आण.”

सांगलीच्या डॉक्टरबाईंनी पोरीच्या हाताचा एक्स-रे काढला. तिला आठवं पुरं व्हायचं होतं, हाडं मात्र दहा वर्षांची झाली होती. त्या आम्हाला समजेल अशा बोलीत म्हणाल्या, की शरीर मोठं कधी व्हायचं याचा निरोप डोक्यातून निघतो, हिचा निरोप फार लवकर निघाला. आता ती भराभर उंच होईल, मग वर्गातल्या इतर मुली वाढायला लागतील तेव्हा हिची उंची थांबेल. पाळी तिसरीत येऊ शकते. ते थोपवायला दर महिन्याला एक इंजेक्शन, किती वर्षं ते बघत जाऊ.

जावेनं विचारलं, “कशानं झालं?”

डॉक्टरबाई म्हणाल्या, बऱ्याच मुलींत कारण सापडतच नाही. मग खाण्यापिण्याचं विचारताना मी डब्याची पद्धत सांगितली. मी ती जरा अभिमानानंच सांगितली, हे लिहायला लाज वाटते. त्यांनी पेन खाली ठेवलं. काही प्लास्टिकमध्ये अशी रसायनं असतात, त्या म्हणाल्या, की शरीर त्यांना स्वतःचंच संप्रेरक समजतं. निरोप बाहेरून आलेला असतो, पण शरीराला वाटतं आतूनच आला. उष्णतेनं आणि तेलानं ती जास्त सुटतात, आणि लहान मुलांना त्यांचा त्रास जास्त. “पण याच डब्यानं झालं असं मी लिहून देणार नाही. कुणीच देऊ शकणार नाही. गरम तेवढं आजपासून बंद करा.”

मी लिहून घेतलं. ‘लिहून देणार नाही’ हेही लिहिलं.

घरी येऊन डबा उलटा करून बघितला. कारखान्याचं नाव नाही, गाव नाही. बुडाला एक त्रिकोण, त्यात प्लास्टिक कुठल्या जातीचं त्याचा आकडा असायला हवा तिथं कोरं. म्हणजे ज्यानं डबा केला त्याच्यापर्यंत माझा हात पोचणार नव्हता. पत्ता एकाचाच माहीत होता. जो काउंटरवर कोपर टेकून ‘उकळतं घाला’ म्हणाला होता, त्याचा.

पहिल्या इंजेक्शनाला पोर रडली नाही. दुसऱ्याला रडली. त्या दिवसापासून मी मनात त्या माणसाला त्याच्याच खुर्चीत बसवून रोज एक डबा उकळती आमटी पाजत होते. भाकरी थापतानाही पाजत होते आणि गोठा झाडतानाही. पुरावा नाही म्हणून सोडून द्या, हा कायदा माझ्या डोक्यात शिरत नव्हता.

मग कामाला लागले. वाणाची जुनी यादी काढली आणि घरोघर जाऊन डबे गोळा केले. बायका सहजासहजी देत नव्हत्या. वाण परत कसं द्यायचं? मी प्रत्येकीला एकेक स्टीलचा डबा दाखवला आणि सांगितलं, मंडळाचं यंदाचं वाण हे, आधी जुना आणा. डॉक्टरबाईंनी प्लास्टिकबद्दल सांगितलेलं त्यांना सांगितलं. कुणाच्या पोरीबद्दल सांगितलं ते बोलले नाही. जावेनं माझा हात धरून बजावलं होतं, “अक्का, पोरीचं नाव कुठं निघता कामा न्हाई.” मी वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या: पोरीचा विषय काढायचा नाही.

दिवस मी मुद्दाम संक्रांतीच्या तोंडावरचा धरला. घाऊक दुकानात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. आमटी शेंगदाण्याचीच केली, त्यालाही कारण होतं.

गाडी सुरू करताना यजमान म्हणाले, “एवढी पलटण घेऊन निघालीस, रेकी तरी केलीयास का?”

“दोनदा,” मी म्हणाले. “पुढं बघून चालवा.”

दुकान भरलं होतं. काउंटरपासून दारापर्यंत वाणाचं सामान, नुसतं प्लास्टिक. आम्हाला बघून त्याचा चेहरा फुलला. “या या, अध्यक्षबाई! यंदा किती डझन?”

मी सगळ्यांना ताकीद दिली होती, बोलणार फक्त मी. आत्यानं ती कधीच ऐकली नव्हती. “यंदा न्ह्यायला न्हाई, द्यायला आलुया,” ती म्हणाली आणि समोरच्या स्टुलावर बसली.

मी त्याच्या फळीवरचा नवा डबा घेतला, तोच, निळ्या झाकणाचा. किटली शेगडीवर ठेवून उकळी आणली, आमटी डब्यात ओतली, झाकण लावलं, चार खटके. घड्याळ बघत उभी राहिले. गिऱ्हाइकं खरेदी सोडून भोवती जमली. पाच मिनिटांनी झाकण काढलं, चमचा घातला आणि डबा त्याच्यापुढं सरकवला.

“हे काय, ताई?”

“जेवण. बसा.”

“आवं, मी भायेरचं खात न्हाई.”

“डबा तुमच्याच दुकानातला हाय. भायेरचा कुठला?”

तो हसला. कुणी हसलं नाही. मग म्हणाला, “माझा आज उपास हाय. मंगळवार न्हवं का.”

“शेंगदाण्याची हाय,” आत्या म्हणाली. “भगरीसंगं खात्यात ती. मीठबी उपासाचं घातलंय. खावा बिनघोर, द्येव काय म्हणत न्हाई.”

दोन-तीन जणी पदरात तोंड घालून हसल्या. तो डब्याकडं बघत होता. आमटीवरचा तेलाचा तवंग डब्याच्या कडेला चिकटला होता. शेवटी त्यानं डबा बोटानं बाजूला केला.

“हा डबा गार वस्तूला असतो. लाडू, चिवडा. गरम घालाय सांगितलं कुणी?”

मी वही उघडली आणि त्याचं वाक्य त्याला वाचून दाखवलं.

“तसं म्हणालो आसन. धंद्यात बोलावं लागतंय.”

“परत सांगा,” मी म्हणाले. “हेबी लिहून घेते.”

तासगावकडच्या एका तरण्या बाईनं हातातले सहा डबे मुकाट्यानं काउंटरवर ठेवले आणि निघून गेली. तिच्या मागून आणखी दोघी. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. मला फार बरं वाटलं, हे मी लपवत नाही. तिथंच थांबायला हवं होतं.

तो म्हणाला, “उगं धंदा खराब करू नका माझा. काय पुरावा हाय? कुणाला काय झालंय ते तर सांगा!”

आणि मी सांगितलं. “आमच्या घरातली पोर अजून आठ वर्सांची व्हायची हाय, आन तिला बाईपण याय लागलंय. महिन्याला सुई टोचून थोपवतोय आमी. हा पुरावा.”

डॉक्टरबाईंनी जे लिहून दिलं नव्हतं, ते मी भर दुकानात माझ्या शिक्क्यानं दिलं. आमच्या घरात आठ वर्षांची पोर एकच आहे. बरोबरच्या सगळ्या बायकांनी एकदम जावेकडं बघितलं. तिनं पदर डोक्यावर ओढला, वाट काढत बाहेर गेली आणि गाडीत जाऊन बसली.

दुकानदारानं चारही पोती आत घेतली आणि त्याच्या पावतीबुकावर ‘परत घेतले’ लिहून सही केली. तो ते डबे पुन्हा कुणाच्या तरी गळ्यात मारेल याची मला आजही खात्री आहे, आणि म्हणून महिन्यातून एकदा त्या रस्त्यानं जाताना मी त्याच्या फळ्या बघून येते. त्यालाही ते कळतं. मला बघितलं की तो पाठ फिरवून काहीतरी मोजायला लागतो.

परत येताना आत्या म्हणाली, “तोंड बघितलं का मुडद्याचं? उपास म्हनं!” मग तिचं लक्ष जावेकडं गेलं आणि तिनं पुढचं गिळलं. गाडीतून उतरताना जाऊ एवढंच म्हणाली, “अक्का, सांगितलं व्हतं मी तुमाला.”

बरोबरच्या तिघींची मुलं पोरीच्याच वर्गात आहेत. दुसऱ्या दिवशी पोर शाळेतून आली ती दप्तर न काढताच चुलीपाशी उभी राहिली.

“मोठी आई, तू दुकानात भांडलीस ते माझ्यामुळं?”

मी भाकरी उलटली.

“मी आमटी शिल्लक ठेवाय पायजे हुती का? सगळी संपवली म्हणून झालं?”

“हात-पाय धू आधी,” मी म्हणाले. “मग सांगते.”

तिनं हात-पाय धुतले. परत येऊन बसली. मी तिला भाकरी वाढली, दूध वाढलं, आणि पाटावर गृहपाठाची वही उघडून दिली.

त्या आठवड्याच्या यादीतलं बाकीचं सगळं झालं. यंदाचं वाण वाटलं. शाळेत खिचडीला प्लास्टिकच्या ताटल्या होत्या, त्याही आमच्याच मंडळानं दिलेल्या. त्या उचलून आणल्या आणि प्रत्येक पोराच्या घरून एकेक स्टीलची ताटली मागवली. बायकोला न सोडणाऱ्या त्या नवऱ्याच्या दारात जाऊन त्याच्या घरातला डबा त्याच्याच हातून काढून घेतला. जाऊ चौथ्या दिवशी माझ्याशी बोलली, चहाला साखर आहे का एवढंच, पण बोलली. दिराला फोनवर सगळं सांगितलं. त्यानं त्या दुकानाचा पत्ता विचारला. तो मी दिला नाही.

डॉक्टरबाईंनी लहान मुलीला कसं सांगायचं याची चित्रं काढून दिली आहेत, दोन कागद. ते मी दर यादीबरोबर पुढच्या पानात घालते. पुढचं इंजेक्शन सोमवारी. एसटीत दोन तास पोर माझ्या शेजारी, खिडकीकडं बसेल. यादीत सर्वात वर लिहिलं आहे: पोरीला सांगणे. खाली आणखी सहा कामं आहेत आणि त्या सहांपुढं बरोबरच्या खुणा आहेत.