दिव्याला विचारणारे मिस्त्री

"मला नका विचारू, दिव्याला विचारा."

गाडीत काय बिघडलंय असं कुणी विचारलं की मिस्त्री एवढंच म्हणायचे आणि गळ्यात अडकवलेला टेस्ट लॅम्प काढायचे. टेस्ट लॅम्प म्हणजे एक बारका बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी. एक टोक गाडीच्या लोखंडाला लावायचं, दुसरं जिथं संशय असेल तिथं. बल्ब लागला तर करंट आहे, नाही लागला तर नाही. असे मिस्त्री तुमच्याही गावात असतील. आमच्या मिस्त्रींनी त्या एका बल्बवर घनसावंगीच्या स्टँडजवळ उभी हयात काढली.

माझं स्पेअर पार्टचं दुकान त्यांच्या टपरीला लागून. शेजारी म्हणून माणूस सोन्यासारखा, पण माझ्या धंद्याला अपशकुन. एकदा जांब समर्थच्या फेऱ्या मारणारा कैलास जीप घेऊन आला. हेडलाईट लागत नव्हते. "रिले गेलाय, नवा द्या," म्हणून तो थेट माझ्या काउंटरवर. रिले म्हणजे बटन दाबलं की दिव्याकडे करंट सोडणारी छोटी डबी. मी ती काढून पुढ्यात ठेवली, तोवर मिस्त्रींनी त्याला हाक मारली. बॉनेट उघडून जुन्या रिलेवर बोट टेकवलं आणि म्हणाले, "दाब बटन." आतून टक् असा आवाज आला.

"जित्ता हाय की रं हा. कशाला पुरून राह्यला त्याला?"

मग रिलेतून बाहेर पडणाऱ्या वायरीला टेस्ट लॅम्प लावला. बल्ब लागला. "करंट पुढं गेलाय बराबर. आता अडला कुठं ते पाहू." बंपरखाली आडवे होऊन त्यांनी अर्थिंगचा गंजलेला नट शोधला, कानशीनं घासला, आवळला. हेडलाईट लख्ख. कैलास खूश आणि माझा रिले परत फळीवर.

त्यांची एक खोड मात्र मला खटकायची. "कुठल्या रंगाची वायर देऊ?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "असंल ती द्या." मग मीही न खपणारी पिवळी वायर त्यांच्या गळ्यात मारायचो. कैलासच्या जीपमध्ये तर हेडलाईट, हॉर्न, वायपर, सगळं पिवळंजर्द. दुसऱ्या कुणी ती जीप उघडली की तो कपाळावर हात मारून घ्यायचा. मी चिडायचो. "अहो, कंपनी वेगवेगळे रंग देते ते काय शोभेला?"

"मी रंगाच्या भरवशावर काम करत न्हाई, शेठ."

मला ती मिजास वाटायची.

मग जवळच्या साखर कारखान्याच्या गॅरेजात इलेक्ट्रिशियनची जागा निघाली. पक्की नोकरी. मिस्त्रींची मुलगी नर्सिंगला होती, बायको रोज मागे लागायची. हे आपले आज जातो, उद्या जातो. शेवटी वहिनी माझ्याकडे आल्या. "भाऊजी, तुमचं तर ऐकतील." मी बसवून चांगला दम भरला. मिस्त्री गेले. तिथल्या साहेबांना काम पसंत पडलं. डॉक्टरची तपासणी तेवढी बाकी होती.

तपासणीहून परतले ते माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसले. पाणी दिलं तर पेला हातातच धरून राहिले.

"ठिपक्याचं पुस्तक दावलं, शेठ. म्हणले, ह्यातला आकडा वाचा. मला निस्ते ठिपकेच दिसले."

मला काही कळेना.

"लाल अन् हिरवा मला एकसारखाच दिसतो. ल्हानपनापासून. माझ्या मामाला बी असंच व्हतं. पण त्यो मेंढरं राखायचा, त्याचं काय अडलं? वायरिंगवाल्याचं असं कळल्यावर गाडी कोन देईल?"

इतकी वर्षं शेजारी बसून मी ज्याला मिजास म्हणत होतो, ते हे होतं.

मी कुणाला बोललो नाही. पण तपासणीच्या रांगेत आमच्या स्टँडवरचा एक ड्रायव्हर होता. बाजाराच्या दिवसापर्यंत गावभर झालं. "लाल-हिरवं कळत न्हाई अन् आमच्या गाड्यांत हात घालून राह्यला?" काही जणांनी तर झालेलं वायरिंग दुसरीकडे तपासून घेतलं. नोकरी गेली ती गेलीच, आता असलेली टपरीही जाते की काय अशी वेळ आली. मिस्त्रींनी टपरी बंद केली. मी घरी गेलो तर म्हणाले, "सामान विकून टाकतो. तुमीच गिऱ्हाईक पहा."

त्याच आठवड्यात कैलासची जीप अडली. हेडलाईट लावला की फ्यूज उडायचा. सकाळपासून तो गावातली गॅरेजं हिंडला आणि दुपारी मला गाडीत घालून मिस्त्रींच्या दारात येऊन हॉर्न वाजवत बसला. मिस्त्री उंबऱ्यापर्यंत आले.

"माझ्याकडं कशाला आला? ऐकलं न्हाई का? मला रंग कळत न्हाईत."

"ज्यांना कळतेत त्यांच्याकडंच गेल्तो ना सकाळपासून! समदे रंग कळले त्यांना. फ्यूज काय उडायचा ऱ्हाईना."

मिस्त्रींनी हसू दाबून पाहिलं, ते दाबेना. हसता हसता डोळे पुसायला लागले. वहिनींनी आतून टेस्ट लॅम्प आणून त्यांच्या हातात दिला. हेडलाईटच्या मागे एक वायर पत्र्याला घासून सोलली होती, ती पत्र्याला टेकली की फ्यूज उडायचा. दुसऱ्या दिवशी टपरी उघडली. मग पोरांनी चिडवायला सुरुवात केली. "मिस्त्री, आज शर्ट लाल का हिरवा?"

"तूच सांग. मला तर मळका दिसतो."

चिडवायला लागले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्री गेले. छातीत दुखतंय म्हणाले. जालन्याला नेईपर्यंत उशीर झाला. मला त्यांची आठवण येते, विशेषतः रिले खपला की. टपरीत आता तिशीतला एक इलेक्ट्रिशियन बसतो. माणूस कामाला चोख आहे.

परवा कैलासची जीप त्याच्याकडे आली. हॉर्न बंद होता. त्यानं डॅशबोर्डखाली वाकून पाहिलं आणि मान हलवली. "सगळ्याच पिवळ्या. ह्यातली हॉर्नची कोन्ती?"

"दर वायरीला दोऱ्याच्या गाठी हाईत," कैलास म्हणाला. "मिस्त्रींनी मारल्यात. हॉर्नला तीन."

इतकी वर्षं वायर मी विकली, पण हे मला माहीत नव्हतं. मीही जवळ गेलो. इलेक्ट्रिशियननं टॉर्च मारला, मान वाकडी केली, पण गाठी पार आतल्या अंगाला होत्या, नजर पोचत नव्हती.

"बघू नका," कैलास म्हणाला. "चाचपा."

त्यानं टॉर्च खाली ठेवला, डोळे मिटले आणि कोपरापर्यंत हात आत घातला.