हयातीच्या कागदावरचं कुंकू

दिवाळी झाली की दरवर्षी मला दोन गोष्टी लिहून द्याव्या लागायच्या. एक, मी जिवंत आहे. दोन, मी दुसरं लग्न केलेलं नाही. पहिलीचा मलाच कधीकधी भरवसा वाटायचा नाही, दुसरी मात्र पक्की खरी होती. अकरा वर्षं असं लिहून दिलं.

माझे मालक वेल्डर. परभणीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडायचे. एका एजंटानं त्यांना तीन वर्षांच्या करारावर बाहेर पाठवलं. आमच्या गावात अशा सगळ्या मुलखांना दुबईच म्हणायचे, देश कोणता का असेना. त्यांच्या पत्रात निम्मं रडगाणं पगारातल्या कापाकापीचं. ‘दर महिन्याला विम्याचे पैसे कापायलेत. म्हातारपणाची सोय म्हणं. आमी काय इथं म्हातारं व्हायला आलाव का? तीन वर्षांनी हाकलून देणार, मग कापता कशाला?’ लय चिडायचे.

करार संपायला चार महिने राहिले आणि ते कामावर परांचीवरून पडले. परत आलीच नाही स्वारी. लेक तेव्हा सहा वर्षांची. मग ज्या कापाकापीवर ते चिडायचे, त्यातूनच मला पेन्शन सुरू झालं. दर तीन महिन्यांनी बँकेत यायचं. करारावर गेलेल्या परक्या माणसाच्या बायकोलाही ते मिळतं, हे आम्हाला कुठं ठाऊक होतं? अट एकच. बाईनं दुसरं लग्न केलं की बंद. म्हणून दरवर्षी तो दाखला, त्यावर पाथरीच्या तहसीलचा शिक्का आणि ताजा फोटो.

फोटो मी परभणीलाच काढायची. तिथला फोटोवाला ओळखीचा झाला होता. विधवा बाई आहे, वर्षाला एकदा येते, एवढं त्याला माहीत होतं.

लेक बारावीला गेली त्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतरावरून पुन्हा तापलं होतं. मी परभणीला निघाले तर मानवतला एसटी थांबली. कंडक्टर म्हणाला, ‘उतरा, पुढं गाडी जात न्हाई.’ कागद पाठवायला आठ दिवस उरले होते. उद्याची गाडी मिळेल याचा भरवसा नव्हता. मी तिथंच एका फोटोच्या दुकानात शिरले. तासाभरानं तीन प्रतींचं पाकीट घेतलं, दुसऱ्या दिवशी पाथरीला दिलं, शिक्का बसला, कागद गेला.

मार्चमध्ये पैसे आले नाहीत. जूनमध्येही नाहीत. बँकेत विचारलं तर तिथं पत्र येऊन पडलेलं. फोटोत बाईच्या कपाळाला कुंकू दिसतं, लग्न केलं आहे काय, चौकशी करून कळवा. तिकडच्या पेन्शनच्या कचेरीत आपल्याकडचाच कुणी कारकून बसलेला असणार. अरबाला कुंकवाचं काय कळतंय?

सगळ्यांना मी सांगितलं ते असं. मानवतचा फोटोवाला नवखा. त्याला वाटलं, बाई घाईत कुंकू लावायला विसरली. त्यानं आपल्या मनानं बारीक ब्रशानं टिकली काढली. आमच्याकडं फोटोवाले असं करायचेच, कुणाचं मोकळं कपाळ त्यांना बघवायचं नाही. मी पाकीट उघडून बघितलं नाही. लोकांना पटलं. मी तशी साधी बाई, कोण खोटं म्हणणार?

तलाठी आले पंचनाम्याला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलं, घरात कुणी माणूस येतो-जातो का. दारातल्या चपला बघितल्या. माझ्या कपाळाकडं बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासू ओसरीवर तूर निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, ‘हिचं दुसरं लगीन मी लावून दिलं आस्तं तर बरं झालं आस्तं. पर न्हाई लावलं. लिवा तसं.’ तलाठ्यांनी फक्त शेवटचं तेवढं लिहिलं.

त्याच महिन्यात लेकीचा परभणीला नर्सिंगच्या यादीत नंबर लागला होता. फी आठ दिवसांत भरायची होती. मी भावाकडं गेले, एजंटाकडं गेले, कुठंच जमलं नाही. यादीतली पुढची पोर आत गेली. पैसे सुरू झाले ते दसऱ्याला, मागचे सगळे एकदम. त्या पैशात लेकीचं लग्न केलं आणि तिला जिंतूरला दिली. आता ती ब्लाउज शिवते. मान दुखते, डोळ्यांतून पाणी येतं, पण करते. दवाखान्यात कुणाला भेटायला गेली की नर्सबाईंकडं बघत बसते. अजून म्हणते, ‘त्या फोटोवाल्याच्या हाताला किडे पडले पाहिजेत.’

मी आता थकलेय, म्हणून एकदाचं लिहून टाकते. त्या माणसाचा काही दोष नाही. त्यानं फोटो ओला असतानाच मला दाखवला होता. म्हणाला, ‘कपाळ मोकळं दिसत होतं बाई, टिकली लावलीय. चालंल का पुसू?’ पुसा, माझा नवरा मेलाय, एवढंच सांगायचं होतं. मी फोटोकडं बघत उभी राहिले. अकरा वर्षं झाली होती तसा चेहरा बघून. बरी दिसत होते मी. तिकडं एवढ्या लांब कोण बघतंय, असं वाटलं.

मी म्हटलं, ‘राहू द्या.’

दोन प्रती कागदाला लागल्या. तिसरी माझ्या पेटीत साडीखाली आहे. लेक आली की पेटीला कुलूप लावते.